चौथ्या डावातली ती फेक

१ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातले रेडलँड फील्ड हे मैदान. बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना, चौथा डाव. धावसंख्या १–१ अशी बरोबरीत. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर एडी सिकॉट चेंडू टाकतो. सिनसिनाटी रेड्सचा लॅरी कॉफ तो जमिनीलगत टोलवतो आणि चेंडू थेट सिकॉटकडेच परततो. सिकॉट तो उचलून दुसऱ्या बेसवर आलेल्या स्वीड रिसबर्गकडे फेकतो. तिथे पोचू पाहणारा धावणारा गडी बाद होतो. रिसबर्ग मग पहिल्या बेसकडे फेक करतो, पण कॉफ तोवर तिथे पोचलेला असतो. दोन गडी बाद व्हायचे, तिथे एकच होतो.

बेसबॉलमध्ये तीन गडी बाद झाले की त्या बाजूचा डाव संपतो. रेड्सचा एक गडी आधीच बाद होता. त्यामुळे ही जोडी बाद झाली असती तर डाव तिथेच आटोपला असता. तो आटोपला नाही. मग लागोपाठ फटके बसले, रेड्सने त्या एका डावात पाच धावा काढल्या, सिकॉटला माघारी बोलवावे लागले आणि शिकागोने सामना १–९ असा गमावला. साधारण वर्षभराने, सप्टेंबर १९२० मध्ये, सिकॉटने शिकागोच्या ग्रँड ज्युरीपुढे कबूल केले, की मालिका हरण्यासाठी आपण दहा हजार डॉलर घेतले होते.

ही फेक आज आपल्याला पाहता येते. चार-साडेचार मिनिटांची ती मूक वृत्तफीत जवळजवळ पन्नास वर्षे जमिनीखाली गाडलेली होती आणि बाहेर आल्यानंतरही आणखी पस्तीसेक वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती प्रकाशात आली तेव्हा साहजिकच अनेकांना वाटले, की आता तरी कळेल. विकल्या गेलेल्या सामन्यातला नेमका संशयाचा क्षण पडद्यावर दिसत असताना आणखी काय हवे? मी ती फीत अनेकदा पाहिली आहे. त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे तपासावे म्हणून हा लेख.

आठ जण आणि एक दंतकथा

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला बेसबॉल संघ १८६९ मध्ये याच सिनसिनाटीत उभा राहिला. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. पगाराबरोबर प्रेक्षक आले आणि प्रेक्षकांबरोबर सट्टाही आला. त्यामुळे १९१९ मध्ये जे घडले ते आभाळातून पडलेले नव्हते. त्या वर्षीची मालिका नऊ सामन्यांची होती. रेड्सने ती ५–३ अशी जिंकली. शिकागोच्या आठ खेळाडूंवर सट्टेबाजांशी संगनमताचा आरोप आला: सिकॉट, रिसबर्ग, लेफ्टी विल्यम्स, चिक गँडिल, हॅपी फेल्श, फ्रेड मॅकमुलिन, बक वीव्हर आणि ज्याला सगळे ‘शूलेस जो’ म्हणत तो जो जॅक्सन. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयाने खटला उभ्या राहिलेल्या खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना तहहयात बंदी घातली.

यातले काही गुंते आजही सुटलेले नाहीत. जॅक्सनने पाच हजार डॉलर घेतल्याचे सांगितले होते. मात्र मालिकेतली त्याची फलंदाजीची सरासरी .३७५ होती. वीव्हरने पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नाही. कट माहीत असून तो गप्प राहिला, एवढाच त्याचा गुन्हा. १९५६ मध्ये मरेपर्यंत तो आपले नाव स्वच्छ व्हावे म्हणून अर्ज करत राहिला.

या प्रकरणाचे जे चित्र लोकांच्या मनात आहे ते बहुतांशी इलियट असिनॉफ यांच्या १९६३ च्या ‘एट मेन आउट’ या पुस्तकाने आणि त्यावर जॉन सेल्स यांनी १९८८ मध्ये काढलेल्या चित्रपटाने घडवले. कंजूष मालक, पिळले गेलेले खेळाडू, धमकी द्यायला आलेला गुंड. पुढे असिनॉफ यांनीच मान्य केले, की तो गुंड त्यांनी कल्पनेने घातला होता. कोणी मजकूर चोरला तर ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. नंतरच्या अभ्यासकांनी पगाराच्या नोंदी काढल्या, तेव्हा व्हाइट सॉक्सचे खेळाडू इतर संघांच्या तुलनेत कमी पगारावर राबत होते, हेही खरे ठरले नाही. अर्धी शतकभर कथा आणि नोंद एकमेकांत मिसळत गेली होती. अशा प्रकरणात प्रत्यक्ष त्या दिवसाची चित्रफीत सापडणे ही मोठीच गोष्ट होती. काल्पनिक गुंड तिच्यात घुसणे शक्य नव्हते.

पोहण्याच्या तलावातला साठा

फीत सापडली कुठे, तर कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोन्याच्या शोधात हजारो माणसे या गावी लोटली होती. सोने सरत गेले तशी माणसेही पांगली, पण चित्रपटगृहे उरली. डॉसन हे चित्रपट वितरणाच्या साखळीतले शेवटचे गाव. इथे चित्रपट पोचायला कधी कधी दोन-तीन वर्षे लागत. खेळ संपल्यावर रिळे परत पाठवायचा खर्च वितरकांना परवडत नसे. ती गावातच साठत गेली. त्या काळची फीत नायट्रेटची. ती भडका उडून पेटते आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. असला साठा कोणाला नको होता. बरीच रिळे युकॉन नदीत फेकली गेली.

१९२९ मध्ये उरलेल्या रिळांना एक उपयोग सापडला. गावच्या क्रीडागृहात पोहण्याचा तलाव होता आणि हिवाळ्यात त्याच जागी आइस हॉकीसाठी बर्फ गोठवला जाई. तलावामुळे बर्फाचा पृष्ठभाग सपाट होईना. म्हणून तलाव बुजवायचे ठरले आणि भर म्हणून माती-दगडांबरोबर चित्रपटांची रिळे वापरली गेली. १९५१ मध्ये ती इमारत जळून गेली, जमिनीखालची रिळे मात्र सुरक्षित राहिली. १९७८ मध्ये नव्या बांधकामासाठी खोदकाम करताना ती वर आली. ५३३ रिळे. त्या भूमीतल्या बारमाही गोठलेल्या मातीने एखाद्या शीतगृहाचे काम केले होते. एवढा ज्वालाग्राही माल नेण्यास कोणी वाहतूकदार तयार होईना, तेव्हा लष्करी विमानाने तो ओटावाला नेला गेला. अमेरिकी चित्रपट पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेले आणि कॅनडाच्या वृत्तफिती कॅनडातच राहिल्या.

१९१९ च्या मालिकेची फीत ‘ब्रिटिश कॅनेडियन पाथे न्यूज’ची होती, म्हणून ती ओटावाच्या वाट्याला आली. तिची नोंद झाली, प्रत निघाली आणि ती कपाटात गेली. अमेरिकी बेसबॉलचे अभ्यासक अमेरिकेत शोधत होते. कॅनडातल्या अभिलेखागारात बसलेल्यांना बेसबॉलचे एवढे सोयरसुतक नव्हते. २०१४ च्या सुमारास ती जगासमोर आली आणि बिल मॉरिसन यांच्या २०१६ च्या ‘डॉसन सिटी: फ्रोझन टाइम’ या माहितीपटाने तिला मोठा प्रेक्षक मिळवून दिला. म्हणजे ही फीत दोनदा सापडली. एकदा मातीतून आणि एकदा कपाटातून. दुसरा शोध अधिक अवघड होता असे मला वाटते. जमिनीत पुरलेली वस्तू फावड्याला लागते. नोंदवून ठेवलेली वस्तू सापडायला नेमका प्रश्न घेऊन येणारा माणूस लागतो.

वेगाची साक्ष

आता मूळ मुद्दा. चौथ्या डावातल्या त्या फेकीवरचा आक्षेप काय आहे? सिकॉट सावकाश वळला, रिसबर्गने फेकायला उशीर केला. आक्षेप संपूर्णपणे वेगाबद्दलचा आहे. आणि नेमकी वेगाबद्दलच ही फीत भरवशाची साक्ष देऊ शकत नाही.

१९१९ चा वृत्तफितीचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. कॅमेरामन दर सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेई. हात थोडा भराभर फिरला तर जास्त, थकला तर कमी. दाखवताना यंत्राचा वेग आणखी वेगळा असे. पुढे प्रत काढताना आणि डिजिटल रूपांतर करताना पुन्हा कोणीतरी एक वेग ठरवतो. आपण आज जी फेक पाहतो तिचा वेग असा तीन-चार हातांतून आलेला असतो. दोन बेसमधले अंतर नव्वद फुटांचे. तिथे गडी बाद होणे वा न होणे सेकंदाच्या लहानशा तुकड्यावर ठरते. एवढ्या तुकड्यात फितीवर पाच-सात चित्रे पडली असतील. कॅमेरा दूर आणि उंचावर. खेळाडू बोटाच्या पेराएवढे. त्यात पाण्याने खाल्लेल्या कडांची पांढरी लवलव.

यावर कोणी म्हणेल, की त्याच चौकटीत धावणारा गडीही आहे, त्याच्याशी ताडून पाहा. पाहता येईल. त्यातून इतकेच कळेल, की फेक धावणाऱ्याच्या नंतर पोचली. ते तर त्या दिवशी मैदानावरच्या प्रत्येकाने पाहिले होते. फेक उशिरा का पोचली, पाय घसरला की चेंडू हातात नीट बसला नाही की दहा हजार डॉलर आठवले, हे फितीत नाही. ते असणेही शक्य नाही. चांगल्या खेळाडूच्या हातून प्रामाणिकपणे घडणारी चूक आणि त्याने मुद्दाम केलेली चूक बाहेरून एकसारखीच दिसते. तशी दिसली नसती तर तिचे कोणी पैसेच दिले नसते.

त्या वेळी तिथे बसलेल्या तज्ज्ञांचीही हीच अडचण होती. ह्यू फुलरटन हा अनुभवी क्रीडा पत्रकार मालिका चालू असतानाच साशंक होता. डिसेंबर १९१९ मध्ये त्याने आपला संशय छापूनही आणला आणि टीका ओढवून घेतली. त्याच्याजवळ डोळ्यांची साक्ष होती, पण तेवढ्यावर काही उभे राहिले नाही. प्रकरण उलगडले ते कबुल्यांमुळे आणि पैशाच्या व्यवहारामुळे. गंमत अशी, की ते कबुलीजबाबही फितीसारखेच हरवले. १९२१ च्या खटल्याआधी ती कागदपत्रे सरकारी कार्यालयातून नाहीशी झाली. १९२४ मध्ये जॅक्सनने मालक चार्ल्स कोमिस्की यांच्यावर थकलेल्या पगारासाठी दावा लावला, तेव्हा त्याच्या साक्षीची प्रत कोमिस्कींच्या वकिलांकडे निघाली. त्या कागदाने जे केले ते फीत करू शकली नसती.

मॉरिसन यांचा चित्रपट

मॉरिसन हे जुन्या, सडत चाललेल्या फितींचे चित्रकार म्हणावेत असे दिग्दर्शक. त्यांच्या ‘डिकेशिया’मध्ये फितीवरची बुरशी आणि डाग हाच आशय होता. ‘डॉसन सिटी’मध्ये निवेदक जवळजवळ नाही. मजकुराच्या पाट्या, संगीत आणि सापडलेली दृश्ये यांतून एका गावाचा इतिहास उभा राहतो. सोन्यासाठी आलेली माणसे, त्यांनी हुसकावलेले तिथले मूळ रहिवासी, पुन्हा पुन्हा जळणारी चित्रपटगृहे. टाकून दिलेल्या वस्तूंच्या या कहाणीत १९१९ ची वृत्तफीत अतिशय योग्य जागी येते. चित्रपट म्हणून मी तो फार वरच्या दर्जाचा मानतो.

पण या फितीपुरता माझा एक आक्षेप आहे. फेकीचे दृश्य येण्याआधी हा सामना विकला गेला होता, हे आपल्याला ठाऊक करून दिलेले असते. मग आपण खेळ पाहत नाही, गुन्हा पाहतो. सिकॉटचे वळणे लगेच सावकाश वाटू लागते. मी एक साधा प्रयोग केला. बेसबॉल बऱ्यापैकी कळणाऱ्या, पण या प्रकरणाची माहिती नसलेल्या एका स्नेह्याला तेवढाच तुकडा दाखवला. ‘जोडी थोडक्यात हुकली,’ एवढेच ते म्हणाले. हकीकत सांगून पुन्हा दाखवला तेव्हा त्यांना रिसबर्गचा हात रेंगाळताना दिसला. एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे, पण माझ्या स्वतःच्या डोळ्यांचेही तेच झाले होते, हे कबूल केले पाहिजे.

उलट, ज्या अज्ञात संपादकाने ऑक्टोबर १९१९ मध्ये ही वृत्तफीत जोडली त्याला काहीच माहीत नव्हते. चौथा डाव त्याने घेतला असेल तो सामना तिथे फिरला म्हणून. त्याची नजर निर्दोष आहे. मला तिचे मोल वाटते ते यासाठी. या मालिकेबद्दलचे जवळजवळ सगळे लिखाण कटाची बातमी फुटल्यानंतरचे आणि म्हणून त्या बातमीने रंगलेले आहे. मालिकेचा निकाल ठाऊक असलेल्या, पण त्यामागचा व्यवहार ठाऊक नसलेल्या माणसाने निवडलेली ही चार मिनिटे आहेत. डॉसनला ती उशिरा पोचली असेल, तर तिथल्या प्रेक्षकांनी ती कट उघड झाल्यावर पाहिली असणेही शक्य आहे. एकच फीत, पण पाहणारे दोन वेगळ्या जगांतले.

रूथचे बोट, आमिरचा पाय

ही अडचण एकट्या १९१९ ची नाही. १९३२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये बेब रूथने शिकागोच्या रिगली फील्डवर बोट दाखवले आणि पुढच्याच चेंडूवर होम रन मारला. त्याने आधीच सांगून फटका मारला, की तो समोरच्या पिचरला आणि विरोधी खेळाडूंना डिवचत होता? मॅट कँडल या हौशी प्रेक्षकाने हा प्रसंग आपल्या सोळा मिलिमीटर कॅमेऱ्यावर टिपला होता. ती फीत १९९० च्या दशकात सर्वांसमोर आली. हात उचललेला स्पष्ट दिसतो. तो कोणाकडे, हे दिसत नाही. वाद होता तिथेच राहिला.

आपल्या क्रिकेटचे उदाहरण तर ताजे आहे. २००० साली हॅन्सी क्रोन्येचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या त्या भारत दौऱ्याचे सामने अनेक कॅमेऱ्यांनी टिपून कोट्यवधी लोकांनी पाहिले होते. कोणाला काही दिसले नव्हते. दिल्ली पोलिसांना कळले ते टेलिफोन ऐकून. २०१० मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिरचा पाय रेषेच्या बराच पुढे पडला. तो नो-बॉल सगळ्या जगाने संथगतीत पाहिला आणि समालोचकांनी आश्चर्यही व्यक्त केले. त्या पावलाचा अर्थ लागला तो एका ब्रिटिश वृत्तपत्राने पैशाच्या देवघेवीचे छुपे चित्रीकरण प्रसिद्ध केल्यावर. कॅमेरे वाढले, चित्र स्वच्छ झाले, तरी हेतू पाहायला आपल्याला मैदानाबाहेरच जावे लागते.

मग या फितीचे काय करायचे?

तिच्याकडून निकाल मागू नये, असे माझे उत्तर आहे. मे २०२५ मध्ये बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत व्यक्तींवरची तहहयात बंदी मृत्यूबरोबर संपते, असे ठरवले. त्यामुळे जॅक्सनसह त्या आठही जणांवरची बंदी उठली. जॅक्सनला सन्मान-दालनात जागा द्यावी का, हा वाद आता पुन्हा रंगेल. कोणी .३७५ हा आकडा पुढे करील, कोणी ही फीत. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक आहेत आणि दोघांनाही विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. माणसांच्या नावाचा प्रश्न असताना चुकीच्या साक्षीदारावर भिस्त ठेवली, की अन्याय कोणत्याही बाजूने होऊ शकतो.

फीत जे देते ते वेगळे आहे. सगळ्यांनी टोप्या घातलेली गच्च गर्दी आहे. आज नावे घेताच ज्यांच्यामागे ‘कलंकित’ हा शब्द येतो, ते खेळाडू मैदानावर इतरांसारखेच वावरताना दिसतात. आठ जण आणि बाकीचे, अशी रेघ तिथे कुठेच ओढलेली नाही. असिनॉफ यांच्या कथेत ती पहिल्या पानापासून असते. फीत ती पुसून टाकते. या प्रकरणाच्या अभ्यासकाला तेवढे पुरे आहे.

हे लिहिताना मला सारखी आठवण येत होती ती आपल्या सावेदादांची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. त्याच्या आदल्याच वर्षी एडिसनच्या कंपनीने न्यूअर्कमध्ये बेसबॉलचा सामना टिपला होता. एडिसनच्या त्या काळच्या पुष्कळ फिती जगल्या, कारण स्वतंत्र चित्रपट-हक्काचा कायदा नसल्याने त्या छायाचित्रे म्हणून कागदी गुंडाळ्यांवर उतरवून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होत आणि कागद टिकला. सावेदादांची फीत टिकली नाही. भारतीय माणसाने काढलेला पहिला चित्रपट खेळाचा होता, एवढेच आपण सांगू शकतो. आपल्याकडे गोठलेली माती नव्हती आणि कागदी प्रती मागणारा कायदाही नव्हता. नंतर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून रिळे जमवली, तरी २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा गेलाच.

उद्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर सावेदादांच्या कुस्तीचा डबा निघाला, तर पहिला प्रश्न विचारला जाईल, की जिंकले कोण? लगोलग दुसरा येईल, की कुस्ती खरी होती की नुरा? मला वाटते, तेव्हा घाई करू नये. आधी आखाडा पाहावा, भोवतीची माणसे पाहावीत, पहिलवानांनी हात कसा मिळवला ते पाहावे. बाकीच्या प्रश्नांसाठी कागद शोधावा लागेल.